दोन सूत

"चढावर लो निसटतो," तिम्मा धोत्रे म्हणाला.
किल्ली बाकावर ठेवली,
बोट मात्र रिंगमध्येच राहिलं.

कळंबोलीत त्याला चाळीस हजार सांगितले होते.
ट्रान्सफर केस गेला, दुसरा टाक,
नाहीतर काट्यावर घाल.
पिकअप सत्त्याण्णवची. तुर्भ्याच्या खाणीत
दगड वाहून झाले, खाण बंद झाली,
आता वर उरलेल्या अकरा घरांना
दिवसाआड पाण्याची टाकी पोचवते.

उस्ताद उजव्या कानाने बहिरे,
डाव्यावर त्यांचा भरवसा नाही.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसच्या पोटाला लावतात,
मूठ दातांत धरतात
आणि डोळे मिटून
जबड्याच्या हाडाने ऐकतात.
चारी चाकं हवेत, खाली घोड्या. मी केबिनमध्ये.
"टू." टाकला.
"फोर हाय." टाकला.
"लो."
दातांतून येणारे शब्द फुटके,
पण त्यांच्या कपाळावर एकही आठी नाही.
"बेअरिंग गप्प आहे," मूठ पुसत म्हणाले,
"आणि दातेही."

मग तेल. प्लग सोडला,
ट्रेमध्ये जुनी काळी धार उतरली.
प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता,
बोटावर घेतला तर काजळाइतका मऊ.
"कीस निघाला असता, चमकला असता,
तर मीही चाळीसच म्हटले असते.
हे नुसतं वय आहे."

लिंकेजचे बुश झिजलेले, पण तेवढे नाहीत.
माउंटिंगचं रबर टणक.
पुढचा प्रोपेलर शाफ्ट मी हाताने पिळून पाहिला,
लोमध्ये धरत होता.
म्हणजे दाते भिडत होते. किती भिडत होते,
ते बाहेरून दिसत नाही.

तासभर कुणी बोललं नाही.
शेजारच्या केमिकल कंपनीचा भोंगा झाला.
तिम्माने डबा उघडला, ज्वारीची भाकर, ठेचा,
तीन वाटे केले.

हात धुऊन उस्ताद स्टिअरिंगमागे बसले,
लिव्हर लोमध्ये घातला, सोडला,
बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.
मग पायाखालची मॅट उचलली.

गंजलेल्या तळावर पत्र्याचा तुकडा,
चारी बाजूंनी वेल्ड केलेला, लिव्हरसाठी खाच कापलेली.
लिव्हर खाचेच्या काठाला टेकला होता.
त्याला अजून जायचं होतं.
दोन सूत.

ती वेल्डची रेघ मी ओळखली.
कोपऱ्यात रॉड चिकटला होता तिथली गाठ,
त्यापुढे हात हलला तिथला फुगा.
तीन वर्षांमागची. माझा पहिला महिना.
खाच मी खडूने आखली होती
लिव्हर टूवर ठेवून,
बाकीची जागा अंदाजाने.

उस्तादांनीही ओळखली असणार.
हात मागे करून अर्धगोल कानस मागितली,
मी पुढे केली,
त्यांनी घेतली नाही.
बोट खाचेकडे वळवलं आणि उतरले.

मी घासत राहिलो.
पत्र्याचा कीस माझ्या गुडघ्यांवर पडत होता,
चमकणारा,
सकाळपासून तेलात शोधत होतो तसला.
एक सूत. मग उरलेलं.
लिव्हर पुरता आत गेला तेव्हा खट् झालं.
उस्ताद बाहेर उभे, एक पाय फुटबोर्डवर.
पायानेच ऐकलं त्यांनी
आणि बिलबुक घ्यायला गेले.
बिलात फक्त तेल लिहिलं.

टाकी भरून आम्ही खाणीच्या चढाला लागलो.
तिम्मा एका हाताने गाडी वळवत होता,
दुसऱ्याने लिव्हर दाबून धरलेला,
तीन वर्षांची सवय.
"काका, हात काढा."
काढेना.
दुसऱ्या वळणावर मी सांगून टाकलं,
पत्रा मी लावला होता. चूक माझी होती.

मागे टाकीतलं पाणी डचमळत होतं.
"तुझं वेल्डिंग त्याच दिवशी बघितलेलं मी,"
तो म्हणाला.
"म्हणून तर आधी कळंबोलीला गेलो."

आणि हात काढला.